दुसरं रक्त

घोड्यालाही फ्लू होतो, हे मी घरी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा आमच्या नांदेडच्या घरातले सगळे हसले होते. आई म्हणाली, माणसांची डॉक्टर झाली असतीस तर शेजारपाजारच्यांना तरी उपयोग झाला असता, आता बस घोड्यांच्या नाकात काड्या घालत. तिचं म्हणणं अक्षरशः खरं होतं. टोकाला कापूस लावलेली लांब काडी घोड्याच्या नाकपुडीत वीतभर आत घालायची, फिरवायची, काढायची आणि गुलाबी द्रवाच्या नळीत बुडवून बर्फाच्या डब्यात ठेवायची, हेच माझं काम होतं. लातूर जिल्ह्यातल्या पशुवैद्यकीच्या एका कॉलेजात मी शिकवत होते आणि शिकवता शिकवता संशोधन करत होते. या कामात दोन लाथा खाल्ल्या, एकदा दंडाला चावा बसला. कोविडच्या आधी लोकांना ही काडी म्हणजे काय हे समजावून सांगावं लागायचं. नंतर ती वेळ आली नाही, कारण तोवर सगळ्यांच्याच नाकात ती जाऊन आली होती.

फ्लूचा विषाणू मोठा फिरस्ता. पाणपक्षी, कोंबड्या, डुकरं, घोडे, माणसं, कुणाच्याही घरी उतरतो आणि घर बदललं की अंगरखाही बदलतो. घोड्यांचा फ्लू कुत्र्यांत गेल्याचं जगात दिसलेलं आहे. आपल्या भागातल्या घोड्यांत कोणता फ्लू फिरतो आणि कुठून येतो, हे शोधायचं मी मनावर घेतलं होतं. मोठं काहीतरी करतोय असं वाटायचं, आणि असं वाटायला लागलं की माणसाचं पायाखाली लक्ष राहत नाही.

अडचण एकच होती, दुसऱ्या रक्ताची. घोडा आजारी असताना घेतलेल्या एका रक्तावरून काही ठाम सांगता येत नाही. त्याच घोड्याचं तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त घ्यायचं आणि दोन्ही शेजारी ठेवून तपासायचं. दुसऱ्या रक्तात रोगाशी लढणारी द्रव्यं वाढलेली दिसली, तरच म्हणता येतं की याला झाला तो फ्लूच. पण पहिलं रक्त देणारा घोडेवाला दुसऱ्यांदा तोंड दाखवायचा नाही. घोडा बरा झाल्यावर दवाखान्याची आठवण कुणाला राहते? "येतो की," असं म्हणायचे सगळे. आमच्याकडं "येतो की" म्हणणारा माणूस येत नसतो, हे कळायला मला एक वर्ष लागलं. लॅबच्या फ्रीजमध्ये पहिल्या रक्तांची रांग लागली आणि जोडी एकाचीही जमेना. माझे मार्गदर्शक सर चिडवायचे, तुमचं संशोधन म्हणजे एकाच पायाच्या चपला विकणारं दुकान आहे. मी वरवर हसायचे, आतून जळायचे.

त्या वर्षी मार्गशीर्षात मी नांदेडकडच्या खंडोबाच्या यात्रेला गेले. तिथं घोड्यांचा मोठा बाजार भरतो. हिमायतनगर, भोकरपासून इकडं चाकूरपर्यंतची माणसं घोडी घेऊन येतात, शेजारी शेजारी बांधतात, एकाच हौदावर पाजतात. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी बाजारातून चालताना मला पाच-सहा ठिकाणी तोच कोरडा, ठसका लागल्यासारखा खोकला ऐकू आला. नाकं वाहत होती, अंगं तापली होती. मी डबा उघडून कामाला लागले. भंडारा इतका उधळला होता की काडी नाकातून पिवळी होऊन बाहेर यायची.

तिथंच मला ती युक्ती सुचली. आपल्याकडं बेलभंडारा उचलला की विषय संपतो. हातात भंडारा घेऊन दिलेला शब्द मागं घेता येत नाही. भावकीतले वर्षानुवर्षांचे तंटे त्यावर मिटलेले मी पाहिले आहेत. माझा स्वतःचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही, वडिलांनी आम्हाला तसं वाढवलंच नाही. पण घोडेवाल्यांचा होता आणि मला तेवढं पुरेसं होतं. मी शेजारच्या पालावरून भंडाऱ्याची पुडी घेतली. पहिलं रक्त काढून झालं की मालकापुढं पुडी धरायची आणि म्हणायचं, दुसऱ्या रक्ताला घोडा घेऊन कॉलेजात येणार असाल तर उचला. काहींनी हसून हात मागं घेतले. त्यांचा मला राग आला नाही, उलट खरे तरी बोलले असं वाटलं. चौघांनी उचलला. आपण केवढ्या हुशार आहोत, असं मला त्या दिवशी वाटलं होतं.

त्या चौघांतले एक चाकूरकडचे होते. साठीच्या आसपासचे, कपाळावर भस्माचे आडवे पट्टे, गळ्यात लिंगायतांचं लिंग, बोलणं कमी. सगळे त्यांना मामा म्हणत होते, म्हणून मीही म्हणाले. थोडी कोरडवाहू जमीन आणि लग्नांच्या वरातीत नेतात ती एक पांढरी घोडी, यावर त्यांचं घर चालायचं. घोडी त्यांच्याच दारात जन्मली होती. तिची आई बाळंतपणात गेली आणि मामांच्या बायकोनं तिला गाईच्या दुधावर जगवलं, हे मला त्यांनी काडी घालायच्या आधी सांगून ठेवलं, म्हणजे मी जपून घालीन. घोडीचं नाव मी इथं लिहीत नाही. ते त्यांच्या घरातलं नाव आहे.

काडी आत जाताना त्यांनी घोडीचं तोंड छातीशी धरलं आणि तिच्या कानाशी सांगितलं, आमच्या बी नाकात घातली होती, डोळ्यातून पाणी येतंय, मग सपतंय. घोडी खरंच हलली नाही. तिला चांगलाच ताप होता. मी मामांना नीट समजावलं, म्हणजे मला तेव्हा तरी नीट वाटलं. हा रोग सहसा मारत नाही, पण छाती नाजूक करून ठेवतो. जितके दिवस ताप, तितके आठवडे विश्रांती. पाठीवर कुणाला बसवायचं नाही, नाचवायचं नाही, ओझं घालायचं नाही, धुळीत बांधायचं नाही, चारा भिजवून द्यायचा. त्यांनी एकेक गोष्ट माझ्यामागून पुटपुटत म्हणून घेतली. त्या महिन्यातल्या तीन वरातींच्या सुपाऱ्या घेतलेल्या होत्या, त्या त्यांनी तिथल्या तिथं फोन लावून परत केल्या. लग्नघरांच्या शिव्या मलाही ऐकू येत होत्या.

हे सगळं झाल्यावर, त्याच दमात, मी पुडी पुढं केली. आजपासून तिसऱ्या सोमवारी घोडीला कॉलेजात आणायचं, असं म्हणाले. त्यांनी चपला काढल्या, चिमूट उचलली, आधी घोडीच्या कपाळाला लावली आणि मग स्वतःच्या.

"आणतो म्हनलं म्हंजे आणतो, डॉक्टरीणबाई," ते म्हणाले.

त्यांचं गाव आमच्या कॉलेजपासून चाळीस-एक किलोमीटर. मी त्यांच्या गावी जाऊ शकले असते. एसटीनं चाकूर, तिथून पुढं वडापची जीप, बर्फाचा डबा मांडीवर. असं काम मी त्याआधी केलेलं होतं. पण रक्त लॅबच्या दारातच मिळालं की लगेच यंत्रात फिरवून त्यातलं पाणी वेगळं करता येतं, वाटेत खराब होत नाही. हे कारण खरं आहे. ते यायला तयार असताना मला जायचा कंटाळा होता, हे त्याहून खरं आहे.

तिसऱ्या सोमवारच्या आदल्या दिवशी दुपारी मी चौघांनाही आठवणीचे फोन केले. एकानं उचलला नाही, दोघांनी घोडे विकल्याचं सांगितलं. देवाच्या नावाचं भयसुद्धा आता उरलं नाही, असं मी चरफडत म्हणाले. मग मामांना लावला. मागून वाहनांचे आवाज येत होते. ते म्हणाले, वाटंत हाव. मी म्हणाले, छान, या. फोन ठेवला. रविवारी दुपारी माणूस वाटेत कसा, कशानं येतोय, कुठं पोचलाय, यातलं मी काही विचारलं नाही. माझी पहिली जोडी जमणार होती. मी लॅबमधल्या मदतनिसांना नळ्या धुऊन ठेवायला सांगितल्या आणि घरी जाऊन शांतपणे जेवले.

सोमवारी अकराच्या सुमारास फाटकाशी मामा दिसले. डोक्यावर भिजवलेल्या कडब्याची पेंढी, खांद्यावर घोंगडी, हातात दोर. मागं घोडी होती. शनिवारी सकाळी निघून दोघं चालत आले होते. वाटेत एक रात्र महादेवाच्या देवळात आणि एक रात्र कुणाच्या तरी गोठ्यात काढली होती. टेम्पोचा विचार त्यांच्या मनाला शिवला नव्हता. घोडी चालणारी जात, तिला बकऱ्यासारखं टेम्पोत घालून न्यायचं म्हणजे तिचा अपमान, शिवाय टेम्पोत धूळ आणि धक्के. माझं सांगणं त्यांनी तंतोतंत पाळलं होतं. पाठीवर कुणी बसलं नव्हतं. ओझं नव्हतं. तिचा चारासुद्धा त्यांनी स्वतःच्या डोक्यावरून आणला होता.

आता जे लिहायचं आहे ते लिहायला मला लाज वाटते. त्यांना फाटकात पाहून मला आनंद झाला. घोडी मान खाली घालून उभी होती, नाकपुड्या फुललेल्या, पुढचे कोपर बाहेर काढलेले, आणि बरगड्यांखाली प्रत्येक श्वासाला खड्डा पडत होता. पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळलं असतं की छाती भरलेली आहे. मीही ते पाहिलं. पण आधी सुई घेतली. आधी दुसरं रक्त काढलं, नळीवर चिठ्ठी लावली, मदतनिसांच्या हातात दिली, आणि मग गळ्यातला स्टेथोस्कोप कानाला लावला. मधे पाच मिनिटंही गेली नसतील. त्या पाच मिनिटांनी काही वाचलं नसतं, हे डॉक्टर म्हणून मला माहीत आहे. तरी ती पाच मिनिटं माझ्याकडून कुणी काढून घेऊ शकत नाही.

न्यूमोनिया होता, दोन्ही बाजूंना. तिला आमच्या दवाखान्याच्या शेडमध्ये घेतलं. सलाईन लावलं, भारीतली औषधं दिली, सरांना बोलावलं. सर स्वभावानं चांगले. त्या तीन दिवसांत ते मला एका शब्दानं बोलले नाहीत आणि तेच मला सहन होत नव्हतं. मामा शेडच्या दाराशी घोंगडी टाकून राहिले. सकाळी आंघोळ करून तळहातावर लिंग घेऊन पूजा करायचे आणि मग घोडीचं नाक ओल्या फडक्यानं पुसायचे. मी जेवणाचा डबा आणायचे. खायच्या आधी ते रोज एकच विचारायचे, रक्त चांगलं निघालं ना, तुमचं काम झालं ना. मी हाव म्हणायचे.

बुधवारी दुपारी घोडी बसली. घोडं असल्या दुखण्यात शक्यतो बसत नाही, उभ्यानं श्वास घेता येतो म्हणून उभंच राहतं. ती बसली तेव्हा मला कळलं आणि मामांनाही कळलं असावं. त्यांनी तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि पार शेवटपर्यंत तिच्याशी बोलत राहिले. काय बोलले ते मी सांगू शकत नाही, कारण मी उठून औषधांच्या खोलीत गेले होते. चार वाजायच्या आत सगळं संपलं.

अशा वेळी आमच्याकडं मेलेलं जनावर उघडून तपासतात. फुप्फुसाचा तुकडा मिळाला असता तर माझ्या संशोधनाला मोठा आधार झाला असता. सरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, मालकाला विचारणार का? सक्ती नव्हती, पण विचारायला हवं होतं. मी विचारलं. अजूनही मला कळत नाही की मला तोंड तरी कसं झालं. मामा रागावले नाहीत.

"न्हाई बाई," ते म्हणाले. "भंडारा रक्तापुरताच उचलला होता."

कॉलेजच्या मागं खड्डा खणून, चुना टाकून तिला पुरलं. मामांनी स्वतः माती लोटली. आम्ही गाडी देतो म्हणालो, ती त्यांनी घेतली नाही. एसटीच्या थांब्यापर्यंत मी सोबत गेले. बसमध्ये चढताना ते मला म्हणाले, तुमी लई केलं, तिचं तेवढंच होतं. रोगापुढं कुणाचं चालतंय. मी मान हलवली. दोर गुंडाळून काखेत धरलेला तो माणूस खिडकीशी बसला, आणि बस गेली.

महिन्याभरानं मी तपासणी लावली. खाचांच्या पांढऱ्या ताटलीत घोड्याच्या रक्ताचं पाणी, फ्लूचा विषाणू आणि कोंबडीच्या रक्ताच्या पेशी सोडायच्या आणि वाट बघायची. लढणारी द्रव्यं असतील तर पेशी तळाशी बसून लाल टिकली दिसते, नसतील तर नुसतं गढूळ राहतं. मामांच्या घोडीच्या पहिल्या रक्ताची ओळ सुरुवातीपासून गढूळ होती. दुसऱ्या रक्ताच्या ओळीत टिकल्यामागून टिकल्या, जवळजवळ शेवटच्या खाचेपर्यंत. इतकी स्वच्छ जोडी मी आजवर पाहिलेली नाही. सरांनी पाठ थोपटली. पुढं माझा निबंध छापून आला. त्यात ती घोडी एका आकड्यात आहे, कुणाला सांगूनही सापडायची नाही.

माझी झोप मात्र उडाली होती. मामा जाताना जे बोलले ते मला सतावत होतं. त्यांना वाटत होतं घोडी रोगानं गेली. रोगानं ती गेली नसती. दारात बांधलेली राहिली असती तर उन्हाळ्यातल्या वरातींत नाचली असती. आजारातून उठत असलेल्या छातीवर चाळीस किलोमीटरची चाल पडली, त्यानं ती गेली, आणि ती चाल मी घालायला लावली होती. ज्या तोंडानं विश्रांती सांगितली त्याच तोंडानं शपथ घातली. हे त्यांना न सांगणं म्हणजे फसवणूक आहे, असं मी मनाशी पक्कं केलं. एका रविवारी मी एसटीनं चाकूरला गेले आणि तिथून वडापनं त्यांच्या गावी. तेव्हा मात्र जायला जमलं.

मामा दारातच भेटले. गोठा झाडून सारवलेला, रिकामा. मामींनी चहा केला. घोडीला दुधावर जगवणाऱ्या त्याच. त्यांनी मला नीट न्याहाळलं आणि बशीत बिस्किटं ठेवली. मी आधी तपासणीचं सांगितलं, मग धीर करून बाकीचं सांगितलं. सगळं, एका दमात. फोनवर वाटेत हाव म्हणालात तेव्हा मी परत फिरा म्हणायला हवं होतं, तेही सांगितलं. चूक माझी आहे मामा, असं शेवटी म्हणाले. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. माझी अपेक्षा होती की ते रागावतील, निदान शिव्या देतील, आणि मग मला हलकं वाटेल.

ते रागावले नाहीत. त्यांनी चहाची बशी हळूच खाली ठेवली.

"म्हंजे रोगानं न्हाई गेली ती," ते म्हणाले.

मी पुन्हा तेच म्हणाले, की चूक माझी आहे. त्यांनी ते ऐकलंच नाही. ते मामींकडं बघून बोलायला लागले. रविवारी सडकेच्या चढाला ती दोनदा थांबली होती. पाय रोवून उभी राहिली, मान हलवत होती. म्हणाले, मला वाटलं ट्रकांना बुजायली. मी म्हनलं चल माय, शब्द दिलाय. तरी हलंना. मग मी दोर ओढला.

मामी उठून आत गेल्या. मी म्हणाले, मामा, तुम्हाला माहीत नव्हतं, कसं कळणार होतं तुम्हाला. तेव्हा त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं.

"तिनं सांगितलं होतं की," ते म्हणाले. "दोर माझ्या हातात होता."

त्यांचा चहा तसाच राहिला. मी निघते म्हणाले. मला सोडायला ते उठले नाहीत. गावाबाहेर वडाप मिळेपर्यंत तासभर मी फाट्यावर उभी होते. मी आले नसते तर तो माणूस आयुष्यभर म्हणत राहिला असता की रोगापुढं कुणाचं चालत नाही, आणि सुखानं झोपला असता.